कॅसेटमधली अकरा वर्षं

मी अमरावतीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दंडाला रबर बांधायचा, शीर शोधायची, रक्त काढायचं, नळीवर नाव लिहायचं, हे गेली एकवीस वर्षं चाललं आहे. करोनाच्या साथीच्या दोन वर्षांत काम इतकं होतं की घरी आल्यावरही बोटांना हातमोज्यांचा घाम जाणवायचा. साथ ओसरली, पण हातांची सवय गेली नाही. स्वैपाक उरकला, भांडी झाली की मी कपाटं आवरायला घ्यायचे. आवरलेली कपाटं पुन्हा आवरायचे. नवरा परतवाड्याच्या एका शाळेत शिकवतो, रोज एसटीने जातो-येतो. तो संध्याकाळी खुर्चीत टेकून म्हणायचा, जरा बस की. मी बसायचे आणि बसल्या बसल्या सोफ्याच्या कव्हरचे दोरे तोडायचे.

त्याच सुमारास माझ्या भावाची हैदराबादला बदली झाली. सामान बांधताना त्याने एक खोकं माझ्याकडे आणून टाकलं. त्यात आमच्या लहानपणच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी होत्या. त्यांना आम्ही कॅसेटच म्हणायचो. टीव्हीला जोडलेल्या मशीनमध्ये वरून खोचायची, चपटी, हाताच्या पंजाएवढी प्लास्टिकची डबी. त्या वेळी खेळायचा भाऊ. माझं काम एकच होतं. कॅसेट लागली नाही की ती काढून तिच्या तोंडात जोराची फुंकर मारायची. फुंकर मारली की ती लागायची, म्हणून घरात माझा थोडा मान होता. पुढे या छंदात पडल्यावर मला कळलं की तोंडातल्या वाफेनेच आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. म्हणजे मी ज्या दुरुस्त केल्या त्याच मी बिघडवल्या होत्या.

त्या खोक्यातली पहिली कॅसेट मी नुसती पुसायला घेतली आणि सुटीचा अख्खा दिवस त्यात गेला. तिचा स्क्रू आपल्या पेचकसाने उघडत नाही. मी बॉलपेनचं मागचं प्लास्टिकचं टोक मेणबत्तीवर मऊ करून त्या स्क्रूवर दाबलं, थंड होऊ दिलं, आणि त्याच पेनाने स्क्रू फिरवला. आतल्या पट्ट्या खोडरबराने घासल्या. मग कापसाच्या काडीने स्पिरिट लावलं. ते लॅबमधलं नव्हतं, औषधाच्या दुकानातून वेगळं आणलेलं होतं. कॅसेट मशीनमध्ये घातली, चित्र आलं, आणि बरेच दिवसांनी माझे हात मांडीवर शांत पडून राहिले. अर्थात फार वेळ नाही. लगेच दुसरी घेतली.

भावाच्या संपल्यावर मी बाहेर शोधायला लागले. मूर्तिजापूर, अचलपूर, अकोला, जिथे भंगाराचं दुकान तिथे माझी चक्कर. दोन-तीन वर्षांत दीडशेच्या आसपास जमल्या. आमच्याकडचा उन्हाळा असा की लेबलामागचा डिंक वितळतो, आणि पावसाळ्यात कसर लेबलं कुरतडते. म्हणून प्रत्येक कॅसेट जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवायची, कडुनिंबाचा वाळका पाला घालायचा, चपलांच्या खोक्यांत मिळतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाकायच्या. नवऱ्याने एकदा विचारलं की यातल्या किती खेळलीस. एकही नाही. लागते का एवढं पाहायचं आणि काढून ठेवायची. खेळायला बसणं मला जमत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात अकोल्याला अकोट रोडवरच्या माझ्या नेहमीच्या भंगारवाल्याने फोन केला. म्हणाला, ताई, एक कॅसेट आली आहे, वेगळी दिसते, तुमच्यासाठी बाजूला ठेवली. रविवारी सकाळच्या एसटीने गेले. कॅसेट करड्या रंगाची होती आणि लेबलावर सगळी जपानी अक्षरं होती. मागच्या बाजूला दवाखान्यात वापरतात त्या चिकटपट्टीचा तुकडा होता, त्यावर लिहिलेलं पार पुसून गेलेलं. अशी कॅसेट माझ्याकडे एकही नव्हती. परतीच्या बसमध्ये मी ती पर्समधून किती वेळा काढून पाहिली असेल कोण जाणे. शेजारच्या बाईला शेवटी वाटलं की मला काही होतं आहे, तिने खिडकीची जागा देऊ केली.

जपानी कॅसेट आपल्याकडच्या मशीनमध्ये सहसा बसत नाही. माझ्या एका मशीनचे आतले दोन दाते मी मागेच कानशीने घासून काढले होते, त्यात ती बसली. पडद्यावर हिरवं माळरान आलं, मग तीन चौकोन. या प्रकारच्या काही कॅसेटींत एक छोटी बॅटरी असते. खेळ जिथे सोडला तिथून पुढे सुरू करता यावा म्हणून ती सगळं धरून ठेवते. दोन चौकोन रिकामे होते. पहिल्यात इंग्रजी तीन अक्षरं होती, AAI. शेजारी अकराचा आकडा.

आई. कुणाची तरी आई हा खेळ खेळत होती.

मी तो चौकोन उघडला. शेतीचा खेळ होता. पडद्यावर एक छोटं माणूस, घर, गोठा, आखीवरेखीव वाफे. कोपऱ्यात ऋतूचं चित्र आणि वर्षाचा आकडा, अकरा. मी त्या माणसाला अर्धा तास इकडेतिकडे चालवलं. डाव्या हाताला मुळ्यासारख्या कशाच्या तरी सहा ओळी होत्या. गोठ्यात एक गाय, खुराड्यात नऊ कोंबड्या, दारात कुत्रा. घराच्या आत भिंतीवर घड्याळ. सगळं इतकं नीटनेटकं होतं की दुसऱ्याच्या घरात मालक नसताना शिरल्यासारखं वाटलं. मी काही न बदलता मशीन बंद केलं.

मग मला त्या बॅटरीची काळजी लागली. पंचवीस-तीस वर्षांची असणार. अशा बॅटऱ्या सांगून मरत नाहीत, आणि फुटल्या तर आतलं सगळं खातात. बदलायची तर एक पद्धत आहे. जुनी सुटी करायच्या आधी दोन तारांनी दुसरी बॅटरी जोडून ठेवायची, म्हणजे आतल्या चिपचा प्रवाह तुटत नाही आणि साठवलेलं जसंच्या तसं राहतं. हे मी आधी दोनदा केलं होतं. दोन्ही वेळा जमलं होतं.

तो शनिवार होता, दुपार. लाइट जात-येत होती, कूलर बंद पडून पुन्हा सुरू होत होता. डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न तापायला वेळ घेत होतं. मी दोन तारा लावल्या, आणि त्या नीट धरल्या आहेत का हे मीटरवर पाहायचं तेवढ्यात लॅबमधून फोन आला. एका रिपोर्टबद्दल विचारत होते. मी फोन खांद्याने कानाशी दाबून बोलत राहिले आणि हातांनी काम करत राहिले. जुनी बॅटरी उचलून बाजूला ठेवली तेव्हा दिसलं की एक तार सुटून टेबलावर पडली आहे. केव्हा सुटली ते मला कळलंच नाही.

नवी बॅटरी लावली, कॅसेट मिटली, मशीनमध्ये घातली. तीन चौकोन, तिन्ही रिकामे. काढून पुन्हा घातली. पुन्हा तेच. फोन हातात होता, आधी पडद्याचा एक फोटोसुद्धा काढून ठेवला नव्हता.

पहिल्या दिवशी मी स्वतःची समजूत घातली की कॅसेट भंगारात आली होती, म्हणजे ती कुणाला नकोच होती. दुसऱ्या दिवशी ते पटेनासं झालं. पेटीतल्या सगळ्या कॅसेटी काढल्या, पुसल्या, पुन्हा गुंडाळल्या. लॅबमध्ये एका नळीवर नाव लिहिताना थांबले आणि आधीच्या सगळ्या नळ्या परत तपासल्या. चूक एकही नव्हती, पण माझा स्वतःवर भरवसा राहिला नव्हता. अकरा वर्षं म्हणजे किती संध्याकाळी असतील? ती बाई कोण असेल? जिवंत तरी असेल का? शेवटी नवऱ्याला सांगितलं की मी अकोल्याला जाते, त्या बाईचं घर शोधते आणि तिला झालं ते सांगते.

त्याने पोळीचा घास हातात तसाच धरून विचारलं, "तुले तिले सांगाचं आहे, का स्वतःले मोकळं करून घ्याचं आहे?"

मी माझं ताट उचलून आत नेलं. पण पुढच्या रविवारी मी गेले.

भंगारवाल्याला आठवत होतं. जठारपेठेतल्या एका घरातून जुना कूलर, मिक्सर आणि एक बंद पडलेलं व्हिडिओ गेमचं मशीन असं सगळं एकदम आलं होतं. मशीन त्याने तोडून टाकलं, ही कॅसेट तेवढी ठेवली. घर कुणाचं ते सांगायला तो आधी तयार नव्हता. माझ्या तोंडाकडे पाहून त्याने गल्ली सांगितली.

दार उघडलं ते अडतिशीच्या एका माणसाने. मी म्हटलं, तुमच्याकडून एक कॅसेट भंगारात गेली होती, ती माझ्याकडे आहे. त्याचा चेहरा बदलला. त्याने चपला घातल्या आणि मला फाटकाबाहेर आणलं. मग हळू आवाजात सांगितलं ते असं. खेळ त्याच्या आईचा. ती तेल्हाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. मामा जहाजावर नोकरीला होते, त्यांनी भाच्यासाठी जपानहून मशीन आणलं, पण लागलं ते आईला. ड्युटीवरून आली की तासभर खेळायची. निवृत्त होऊन अकोल्याला आल्यावरही खेळायची. मग डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि खेळ सुटला. यंदा घराला रंग द्यायचा होता म्हणून त्याने माळा रिकामा केला, त्यात तेही गेलं. आईला विचारलं नव्हतं. तिला वाटतं आहे की सगळं माळ्यावरच आहे.

आतून आवाज आला, "कोण आहे रे?"

"कोनी नाई, आई. लॅबवाल्या मॅडम आहेत," तो म्हणाला. मी दारातच माझं कार्ड दिलं होतं, ते त्याच्या हातात होतं. मग मला म्हणाला, "आईले काई सांगू नका, ताई. तिच्या डोळ्याचं आपरेशन आहे पंधरा दिवसांनी. तिले आता आठवतही नसन."

खेळ पुसला गेला आहे हे मी त्यालाही सांगितलं नाही. सांगायला आलेली मी बसस्थानकावर येऊन उसाचा रस पीत उभी राहिले. दोन बस समोरून गेल्या तरी चढले नाही. आले होते एक ओझं घेऊन, चालले होते दोन घेऊन. आता एका अनोळखी माणसाचं लपवणंही माझ्यापाशी होतं.

महिनाभर गेला. त्या महिन्यात मी एकही नवी कॅसेट आणली नाही आणि होत्या त्यातली एकही उघडली नाही. अनोळखी क्रमांक दिसला की अकोल्याचाच असेल असं वाटायचं. आणि एका दुपारी तो आलाच. त्या बाईंच्या मुलाचा फोन होता. आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, पट्टी निघाली, आणि तिने पहिली गोष्ट मागितली ती माळ्यावरची. दोन दिवस त्याने थापा मारल्या. तिसऱ्या दिवशी ती स्वतः शिडी मागायला लागली. म्हणाला, "तुमी काय म्हणान ते देतो, पण ती कॅसेट आणि चालणारं मशीन घेऊन या."

मग मला त्याला खरं सांगावं लागलं.  तो म्हणाला की एवढ्या वर्षांची बॅटरी, ती कधी ना कधी उतरणारच होती. आपण आईला तसंच सांगू, बॅटरी उतरली आणि सगळं गेलं. यात खोटं तरी काय आहे?

खरंच, फारसं खोटं नव्हतं. मी रविवारी मशीन आणि कॅसेट पिशवीत घालून निघाले. बडनेरा सोडल्यापासून ते वाक्य मनात घोळवत होते, बॅटरी उतरली, बॅटरी उतरली. अकोल्याच्या अलीकडच्या बोरगाव मंजूपर्यंत ते मला जवळजवळ पटलं होतं.

त्याच्या आई, म्हणजे मावशी, पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, सडपातळ, काळा चष्मा, केस घट्ट बांधलेले. मला त्यांनी बसा म्हटलं आणि माझ्या हातांकडे पाहिलं. मी लॅबमध्ये आहे हे कळल्यावर विचारलं की लहान पोरांची शीर कुठली घेता. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मुलाने मशीन टीव्हीला जोडलं. मी रिकाम्या पिशवीची घडी घालत बसले. माळरानाचं चित्र आलं आणि मावशी पुढे सरकून बसल्या. मग तीन रिकामे चौकोन आले.

त्यांनी डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला, पुन्हा घातला. "माह्यं दिसत नाई यात," त्या म्हणाल्या.

मुलगा म्हणाला, "बॅटरी उतरली असन, आई. लय जुनी होती."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर वॉर्डात लोकांची उत्तरं ऐकलेल्या माणसाच्या शांत आवाजात विचारलं, "तुमी उघडली होती का ही?"

"हो," मी म्हटलं. "बॅटरी बदलायला उघडली. तार सुटली, मी फोनवर बोलत होते. माझ्या हातून गेलं. उघडायच्या आधी सगळं होतं."

एकदा बोलायला लागल्यावर मला थांबता येईना. कॅसेट कुठून घेतली ते मावशींनी विचारलं तेव्हा भंगारवाल्याचंही सांगून टाकलं. मुलगा उठून खिडकीशी गेला.  खोलीत फक्त खेळाचं संगीत वाजत होतं, तेच तेच पुन्हा. मला वाटलं, आता मावशी निघून जा म्हणतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"गाय होती?"

"होती."

"उभी का बसलेली?"

मला आठवावं लागलं. "बसलेली."

"म्हंजे उपाशी होती," त्या म्हणाल्या. "मी तीन वर्षं गेलीच नाई ना तिकडं. कुत्रं?"

दारात होतं, म्हटलं. मग त्या एकेक विचारत गेल्या आणि मी सांगत गेले. मुळ्याच्या सहा ओळी. कोंबड्या नऊ. त्या म्हणाल्या, दहा पाहिजेत. मी म्हटलं, मी नऊच मोजल्या. खुराड्याच्या मागे एक बसते, ती तुम्हाला दिसली नसेल, त्या म्हणाल्या. घरातलं घड्याळ, दोन खोल्या, कोठारातली लाकडं. त्यांचं शेत शेवटचं पाहिलेलं माणूस मी होते, आणि मी ते अर्धा तासच पाहिलं होतं. जितकं आठवेल तितकं सगळं काढून दिलं. नदीकडे जाणाऱ्या वाटेवर एक पट्टा न पेरता सोडलेला होता, तेही सांगितलं.

"तो मुद्दाम सोडला होता," मावशी म्हणाल्या. "तिथून रोज सकाळी एक म्हातारा नदीवर जाते. पेरलं का त्याचा रस्ता अडते, मंग दिवसभर तिथंच उभा राह्यते. मले पाहवत नव्हतं."

त्या खेळातली माणसं काय बोलतात हे त्यांना कधीच कळलं नव्हतं. अक्षरं जपानी. मुलगा लहान होता तेव्हा बटणं दाबून दाबून कशाने काय होतं ते त्या दोघांनी शोधलं, पुढे मुलाचं लक्ष उडालं. माणसं समोर येऊन काहीतरी बोलायची आणि मावशी त्यांना आपल्या मनाने उत्तर द्यायच्या, मोठ्याने, खोलीत. वॉर्डातून आलं की कानात तिथलेच आवाज राहायचे, झोप यायची नाही. इथे पाणी घातलं की उगवतं, म्हणाल्या, दवाखान्यात तसं नसते.

हे सांगताना त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला तो मुलाशी बोलताना, तोही थोडासाच. "मले इचारलं असतं तर मी नेऊ दिलं असतं," त्या म्हणाल्या. "तू इचारलं नाई." मुलगा खिडकीशीच उभा होता.  मला तिथून उठून कुठेतरी जावंसं वाटत होतं. माझं मन हलकं करायला मी आले होते आणि या घरात एक भांडण ठेवून चालले होते. नवऱ्याने विचारलेला प्रश्न मला तेव्हा समजला.

मावशींनी मला माफ केलं असं म्हणता येणार नाही. चहा सुनेने आणला, त्यांनी घ्या म्हटलं नाही. मी निघताना मशीन आणि कॅसेट दोन्ही तिथेच ठेवलं. त्यांनी ठेवा किंवा नका ठेवू, काहीच म्हटलं नाही.

खरं सांगायचं तर ती कॅसेट देताना मला जड गेलं. माझ्या अख्ख्या पेटीत तशी दुसरी नाही, आणि आता मिळेल असंही नाही. एसटीत बसल्यावर एकदा वाटलंही की मशीन द्यायला हवं होतं, कॅसेटचं काय, दुसरी कुठली तरी दिली असती. अशा वेळी माणसाला स्वतःची लाज वाटते, पण विचार यायचा तो येतोच.

तीन आठवडे कुणाचाच फोन आला नाही. मी पुन्हा कामाला लागले. माझ्याकडे बॅटरीच्या आणखी सात कॅसेटी आहेत, सगळ्यांत कुणाकुणाची नावं आहेत, अर्धे खेळ आहेत. आता मी आधी मशीनमध्ये घालून सगळं पाहते, पडद्याचे फोटो काढते, वहीत लिहून ठेवते. मगच उघडते. दोन केल्या. दोन्ही नीट झाल्या.  तारा लावून झाल्या की मी हात धुऊन येते, मग मीटरवर पाहते, मग पुन्हा पाहते. नवरा म्हणतो, मग नको करूस. पण नाही केलं तर त्या बॅटऱ्या आज ना उद्या आपल्याआपण मरणार आहेत, आणि केलं तर माझ्या हातून मरू शकतात. या दोन्हींच्या मध्ये मी घरभर फिरत असते.

मग मावशींचा फोन आला. ओळख दिली नाही, सरळ विचारलं की खेळातल्या शेताबाहेरचे दगड फुटत नाहीत, कुदळ कुठे मिळते ते मला माहीत आहे का. सुरुवातीचं सगळं त्या विसरून गेल्या होत्या, पंचवीस वर्षांपूर्वीचं होतं. मला काहीच माहीत नव्हतं. मी तो खेळ खेळलेच नव्हते, कुठलाच खेळले नव्हते. हे मी त्यांना सांगितलं. "मंग एवढ्या कॅसेटी जमवून काय करता?" असं त्यांनी विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता म्हणाल्या की रविवारी या, दोघी मिळून पाहू.

तेव्हापासून मी महिन्यातून दोन रविवार जाते. त्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे, त्यामुळे पडद्यावरचं बारीकसारीक मी सांगते. कधी बटणं माझ्याकडे देतात. मी घाईत भलत्याच वाफ्यात पाणी घालते, आणि त्या म्हणतात की असू द्या, उद्या सुकन. तासाभरात मी दोनदा उठून पाणी पिऊन येते. त्यांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही. मुलाशी त्या आता बोलतात, औषधाचं, बिलाचं, भाजीचं. मुलगा चहा घेऊन येतो, दारात थोडा वेळ उभा राहून पडद्याकडे पाहतो आणि जातो. एकदा त्याने सांगितलं की कुदळ लोहाराकडे असायची, डोंगराखाली. त्याला आठवत होतं. मावशी तिकडे गेल्या, कुदळ मिळाली. त्या दिवशी त्यांनी चहाचा कप त्याच्या हातून घेतला, टेबलावर ठेवायला सांगितला नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी लॅबमध्ये रांग होती. माझ्या खिशातला फोन वाजत राहिला. एका आजोबांच्या दंडात सुई होती, मी तो घेतला नाही. रक्त काढून, कापूस दाबून, नळीवर नाव लिहून मग बाहेर येऊन फोन लावला. मावशींनी उचलला तेव्हा खेळाचं संगीत ऐकू येत होतं.

"गाय घेतली," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, कुठल्या रंगाची.

"यात सगळ्या सारख्याच असतात," त्या म्हणाल्या. "पण ही उभी आहे. कुत्रं अजून आलं नाई. ते कोणत्या वर्षी येते, तुमाले माईत आहे का?"

मला माहीत नव्हतं. बरं, पाहू, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.